चेल्सी हॉटेलचा जिना

गेली दोन-तीन वर्षं दुकानात येणारी नवी गिऱ्हाइकं मोबाइल पुढं करतात आणि म्हणतात, "काकू, आम्हाला असं बोहो पाहिजे." फोटोत पडद्यांना गोंडे असतात, सुतळीची विणलेली झुंबरं असतात, वेताची खुर्ची, एकावर एक टाकलेले तीन रंगांचे गालिचे. मी बेळगावात, शहापूरला पडदे आणि कोच-गाद्यांचं काम करते. बत्तीस वर्षं झाली. माहेर विणकराचं, वडगावात आमचे दोन हातमाग होते, त्यामुळं कापड हातात आलं की आधी त्याची उलटी बाजू बघायची सवय अंगात मुरली आहे. बोहो म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकांच्या फोटोंवरूनच शिकले. गोंडे लावून दिले, पैसे घेतले.

मग गेल्या दिवाळीनंतर न्यू जर्सीला भाचीकडे गेले होते, तेव्हा तिनं न विचारताच न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात दोन रात्री बुक केल्या. "आत्या, साठी झाली तुझी. नको म्हणू नकोस की. तुझ्या धंद्याचंच आहे ते सगळं, बघ तरी." एका रात्रीचे काही शे डॉलर. रुपयात हिशेब करू नकोस, असं तिनं बजावलं होतं. तरी मी मनात केलाच. त्या पैशात आपल्याकडं पाच माणसं बसतील असा चांगला सागवानी कोच अस्तरापासून नवा होतो.

तरीही हे लिहायला बसले आहे, कारण त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं आणि जुनं घर पाडायला निघालेल्या प्रत्येकानं ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

हॉटेल मॅनहटनमध्ये तेविसाव्या रस्त्यावर आहे, सातव्या आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधे, क्रमांक २२२. तांबड्या विटांची बारा मजली इमारत. समोरून बघताना पहिली नजर जाते ती लोखंडी गॅलऱ्यांवर. मजल्यामागून मजला काळ्या लोखंडाची फुलं-पानं, वेलबुट्टी. पैठणीच्या पदराला जसा एकच आकार पुन्हा पुन्हा येतो आणि तरी डोळा कंटाळत नाही, तसं. उभ्या निऑनच्या पाटीवर हॉटेलचं नाव. दाराजवळ पितळी पट्ट्या बसवल्यात, त्यांवर इथं राहून गेलेल्या लेखकांची नावं. वेल्सचा कवी डिलन टॉमस, कादंबरीकार टॉमस वुल्फ, अंतराळकथा लिहिणारे आर्थर क्लार्क. भाची एकेक वाचून सांगत होती. मला त्यातली फारशी नावं माहीत नव्हती. पण पट्ट्या हातानं पुसून पुसून गुळगुळीत झालेल्या नव्हत्या, अक्षरं अजून बोटाला लागत होती, हे मला कळलं.

बांधकाम १८८३ ते १८८५ च्या सुमाराचं. वास्तुकार फिलिप ह्यूबर्ट, मूळचा फ्रान्सचा. तेव्हा हे हॉटेल नव्हतंच. लोकांनी एकत्र येऊन पैसे घालून बांधलेलं घर, आपण सोसायटी म्हणतो तसं, न्यूयॉर्कमधल्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक. ह्यूबर्टवर फूरिये नावाच्या फ्रेंच विचारवंताचा प्रभाव होता. निरनिराळ्या कामधंद्याची माणसं एका छपराखाली राहिली तर सगळ्यांचंच बरं होईल, अशी ती कल्पना. आणि ह्यूबर्टनं ती कागदावर ठेवली नाही. ज्यांनी इमारत बांधली त्या गवंडी-प्लंबर-वायरमनांसाठी आणि आतली सजावट करणाऱ्यांसाठीही त्यानं त्यातली घरं राखून ठेवली. वरच्या मजल्यावर चित्रकारांसाठी स्टुडिओ काढले.

हे भाचीनं सांगितलं तेव्हा मी तिला परत सांगायला लावलं. बेळगावात मी किती बंगल्यांचे पडदे शिवले असतील! टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्पातले जुने ब्रिटिशांच्या वेळचे बंगले. माप घ्यायला जाताना चपला बाहेर काढून जायचं, काम झालं की मागच्या दारानं निघायचं. ज्यानं खिडकी बसवली तो कधी त्या खिडकीतून आतून बाहेर बघत बसला असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सव्वाशे वर्षांपेक्षा आधी एका माणसाच्या डोक्यात ते आलं आणि त्यानं तसं घर उभं केलं.

सोसायटी फार टिकली नाही. पैशाची ओढाताण झाली, नाटकांची थिएटरं तिथून वरच्या भागात सरकली, आणि १९०५ मध्ये ते हॉटेल झालं. पुढं १९४० च्या दशकात हंगेरीहून आलेल्या डेव्हिड बार्डनं भागीदारांबरोबर ते घेतलं, आणि नंतर त्याच्या मुलानं, स्टॅनली बार्डनं, २००७ पर्यंत चालवलं. चेल्सीची खरी कीर्ती या बापलेकांच्या काळातली. नाटककार आर्थर मिलर सिनेनटी मेरिलिन मन्रोपासून वेगळा झाल्यावर इथं येऊन राहिला. गाणारे बॉब डिलन, लिओनार्ड कोहेन, जॅनिस जॉप्लिन राहिले. गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ आणि छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प ही दोघं १९६९ मध्ये आली तेव्हा जवळ काही नव्हतं, हॉटेलातल्या अगदी लहान खोलीत राहिली. व्हर्जिल थॉमसन हा संगीतकार तर १९८९ मध्ये मरेपर्यंत इथंच होता. वाईटही झालं. व्यसनं, भांडणं, मृत्यू, आग. सगळं गोडगोड होतं असं कोणी सांगत नाही.

पण स्टॅनली बार्डबद्दल जी गोष्ट सगळे सांगतात ती ही, की भाडं थकलं तर तो चित्र घ्यायचा.

इथं मला थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या वडगावच्या घराला माडी होती. तिथं बाबांनी एक पेंटरकाका भाड्यानं ठेवले होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पावसाळ्यात पाट्यांचं काम बंद, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर आभाळ फाटल्यासारखा. एका वर्षी चार महिन्यांचं भाडं राहिलं. आई कुरकुरली. बाबा काही बोलले नाहीत. गणपतीच्या आधी पेंटरकाकांनी फळकुटावर एक चित्र काढून आणलं. आमचीच ओसरी, आजी पाय पसरून चरख्यावर कांड्या भरते आहे, मागं माग दिसतो, मागावर हिरवं लुगडं चढलंय. बाबांनी ते भिंतीला लावलं आणि वहीत भाड्यापुढं "पावले" असं लिहिलं. ते चित्र आज माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर आहे. आजीचा तो एवढाच चेहरा आमच्याकडं उरलाय, फोटो कधी काढलाच नव्हता.

त्यामुळं चेल्सीच्या लॉबीत शिरले आणि भिंतींवर चित्रांची गर्दी बघितली, तेव्हा मला ती सजावट वाटली नाही. मला बाबांची वही आठवली. एकसारख्या चौकटी नाहीत, रंगांचा मेळ नाही, एक मोठं भडक, त्याच्या शेजारी लहानसं उदास. कुठल्याही डिझायनरला सांगा, अशी भिंत लावून दे, त्याला जमणार नाही. कारण ही कोणी लावायची म्हणून लावलेली नाही. इथं राहून गेलेल्यांची चित्रं एकेक करून साठत गेली, तशी भिंत भरत गेली. खाली जुनी मोझॅक फरशी, एका बाजूला कोरीव शेकोटी. खुर्च्या मखमली. मी बसायच्या आधी हात फिरवला, बटनं दाबून बघितली, पाइपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, खाली वळतं तिथं बोट घातलं. भाची लाजली. शिवण सरळ होती, कोपरे घट्ट. नवं काम, पण जुन्या पद्धतीचं.

आता जिना. याच्यासाठी मी पुन्हा जाईन.

इमारतीच्या मधोमध तो तळापासून वरपर्यंत चढत जातो. लोखंडाचा कठडा, त्यात पुन्हा फुलं-पानं, वर धरायला लाकडी कठडापट्टी. आणि सगळ्यात वर काचेचं छत. दिवसा त्या छतातून उजेड खाली उतरतो. वरच्या मजल्यांवर तो पांढरा, खाली येता येता लोखंडाच्या नक्षीतून गाळला जाऊन मंद होतो. जिन्याच्या भिंतींवरही चित्रं. लिफ्ट आहे, पण ती घेऊ नका, निदान एकदा तरी वरून खाली चालत या. गुडघे दुखत असतील तर वर लिफ्टनं जा आणि उतरताना चाला. मी तसंच केलं, तीनदा.

लाकडी पट्टी मला फार वेळ धरून ठेवावीशी वाटली. लाकडाला जो तुळतुळीतपणा येतो तो पॉलिशनं येत नाही, तळहातानंच येतो. आमच्या मागाच्या हात्याला, हातानं ओढायच्या भागाला, तसा होता. आजोबा, बाबा, मग थोडे दिवस मी, तिघांच्या हातानं घासून त्याची धार गेली होती. जिन्याच्या वळणांवर जिथं माणूस हात जरा घट्ट धरतो तिथं लाकूड जास्त गुळगुळीत लागतं. जवळजवळ दीडशे वर्षं माणसं इथं धरत आलीत. पैसे नसलेला कवी, बर्फातून येणारा पेपरवाला, नळ दुरुस्त करणारा, नाचून आलेली मुलगी. इमारतीला शहरानं १९६६ मध्ये वारसा म्हणून संरक्षण दिलं, आणि १९७७ मध्ये देशाच्या ऐतिहासिक यादीतही घेतलं. त्याच्यामुळं हा जिना वाचला असेल, नाहीतर नवीन मालकांनी काय केलं असतं कोण जाणे.

कारण नूतनीकरण अकरा वर्षं चाललं. २०११ मध्ये हॉटेल विकलं गेलं, पाहुणे घेणं बंद झालं. मालक बदलत गेले. आत राहणारे जुने भाडेकरू मात्र हटले नाहीत. धुळीत, तोडफोडीच्या आवाजात, अर्ध्या उघड्या भिंतींच्या मधे त्यांनी दिवस काढले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१६ मध्ये ज्यांच्या हातात आलं त्यांत शॉन मॅकफर्सन हा एक आहे. नवीन हॉटेल जुन्यासारखं दिसावं यात त्याचा हातखंडा आहे. त्याच शहरात बाउरी हॉटेल म्हणून त्यांचं आहे, ते २००७ चं, पण बघणाऱ्याला शंभर वर्षांचं वाटावं. चेल्सीमध्ये मात्र काम उलटं होतं. इथं खरं जुनं होतंच, त्याला धक्का न लावता त्याच्या बाजूला नवं बसवायचं. २०२२ मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. काही जुने भाडेकरू अजून तिथंच राहतात, पाहुण्यांच्या खोल्यांच्या शेजारी, जुन्या भाडेकरारावर.

खोलीबद्दल थोडंच सांगते. छत उंच. भिंती जाड, मूळच्याच, इतक्या जाड की शेजारी कोणी आहे का नाही कळत नाही. संगीत शिकवणारे आणि वाजवणारे इथं का टिकले ते मला रात्री समजलं. लाकडी जमीन, त्यावर गालिचा, न्हाणीघरात संगमरवर आणि पितळी नळ. मी पडद्यांचं अस्तर उलटून बघितलं, अर्थातच. पडद्याच्या खालच्या दुमडीत वजन घातलेलं होतं, म्हणून घड्या एकसारख्या पडत होत्या. आमच्याकडं गिऱ्हाईक एवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्यायला तयार नसतं, "खाली कोण बघतंय काकू" म्हणतं. मला वाटतं, बघत कोणी नसतं, पण घडी जिथं नीट पडत नाही ती खोली माणसाला बसू देत नाही. गालिच्याचे रंग मात्र मला जरा जास्त जुळलेले वाटले. लॉबीच्या भिंतीवर जो बेबनाव आहे, तो खोलीत नाही. दोन्ही बघितल्यावर माझं मन लॉबीकडं जातं.

जेवण थोडक्यात. लॉबीला लागूनच एल किहोते हे स्पॅनिश हॉटेल आहे, १९३० पासूनचं. तेही नव्यानं केलंय, लहान झालंय, पण जुन्या स्पॅनिश कादंबरीचा नायक डॉन किहोते, त्याची भिंतीवरची चित्रं आहेत. सांग्रिया (फळं घातलेली वाइन) आणि लॉब्स्टर यांसाठी प्रसिद्ध. भाचीनं मजेत खाल्लं. मी अर्धं. बार सुंदर आहे, झुंबरं आणि आरसे, पण गर्दी फार. सकाळी लवकर लॉबीत जाऊन बसा, त्याचं सुख वेगळं.

एक गोष्ट मला अजून सलते. नूतनीकरण सुरू झाल्यावर खोल्यांचे जुने दरवाजे काढून टाकायला निघाले होते. पूर्वी तिथं राहिलेल्या एका माणसानं, जो तेव्हा बेघर होता, त्यातले पन्नासएक दरवाजे वाचवले. कुठल्या खोलीत कोण राहिलं होतं हे त्यानं जुन्या नोंदी आणि माणसांच्या आठवणींवरून शोधून काढलं. २०१८ मध्ये त्यांचा लिलाव झाला. बॉब डिलनच्या खोलीचा दरवाजा एक लाख डॉलरला गेला. पैशाचा काही वाटा भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या एका संस्थेला दिला गेला. दरवाजा साधा लाकडी, रंग उडालेला. एक लाख डॉलर कशाचे? आत कोण झोपलं होतं हे माहीत होतं, त्याचे.

आमच्या वडगावच्या घराला दोन पाखांचा शिसवी दरवाजा होता. वर गणेशपट्टी, पितळी कडी, खालच्या बाजूला लहानपणी मी आणि दादानं खिळ्यानं उंची मोजून ओढलेल्या रेघा. वाटण्या झाल्या तेव्हा घर पाडलं. जुन्या सामानवाल्यानं दरवाजा नेला. सात हजार दिले. तेव्हा आम्हाला ते बरे वाटले, गवंड्याचे एका आठवड्याचे पैसे सुटले. मागून कळलं की गोव्याच्या बाजूला एका हॉटेलात त्याचं जेवणाचं टेबल केलंय, वर काच टाकून. मी ते बघायला गेले नाही. त्या काचेखाली दादाच्या रेघा असतील. जेवणाऱ्याला त्या डिझाइनचा भाग वाटत असतील.

आता असे जुन्या दरवाजांचे बाक माझ्याकडं गादी करायला येतात. पूर्वी मी माप घ्यायची आणि काम करायची. परत आल्यापासून आधी विचारते, दरवाजा कुठला? कुणाच्या घरचा? बहुतेकांना माहीत नसतं. ज्याला माहीत असतं, त्याच्या बाकाच्या खाली, आत, मी पेन्सिलनं लिहून ठेवते. "खानापूर, गुरवांचं घर." "निपाणी, तंबाखूची वखार." परवा एका मुलीनं अनगोळच्या आजोळचा दरवाजा आणला. तिला हौसेनं बोहो पाहिजे होतं, गोंड्यांसकट. मी गोंडे लावून दिले. पण तिला बसवून तिच्या आजीचं नाव विचारलं आणि तेही लिहिलं.

बोहो म्हणजे बोहेमियन, आणि हा शब्द मुळात फ्रान्समधला, भाचीनं सांगितलं. तिथं रोमा लोकांना, ते बोहेमियातून आले असं समजून, बोहेमियन म्हणत. मग एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या, गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या चित्रकार-लेखकांना तेच नाव पडलं. म्हणजे शब्दाचं मूळ भाडं थकण्यात आहे. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं. आमच्या माडीवरचे पेंटरकाका त्यात अगदी बसतात.

जाणाऱ्यांसाठी: रस्त्याकडची, गॅलरीची खोली मिळाली तर घ्या, पैसे जास्त पडले तरी. लोखंडाची नक्षी आतून, उजेडाच्या विरुद्ध बघायला मिळते आणि तेविसावा रस्ता त्या जाळीतून दिसतो. राहणं परवडत नसेल तर लॉबीच्या बारमध्ये एक कॉफी घेऊन बसता येईल का ते विचारा. पण जिना राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तो नाही पाहिला तर अर्धं राहिलं. इमारतीत भाडेकरू राहतात हे लक्षात ठेवा. त्यांच्या दारांचे फोटो काढू नका, त्यांचं ते घर आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी शेवटचं जिन्यानं उतरत होते. मधल्या एका मजल्यावर एक म्हातारी बाई किराण्याच्या दोन पिशव्या घेऊन किल्ली शोधत होती. मी एक पिशवी धरली. तिनं दार उघडलं, आत पुस्तकांचा ढीग, खुर्चीवर वाळत टाकलेला कोट, कुठंतरी रेडिओ. दोन शब्द बोलली, मला पुरते कळले नाहीत, हसली आणि आत गेली. दाराबाहेर तिचं पायपुसणं होतं, काथ्याचं, मधे झिजलेलं आणि एका बाजूचा काठ उसवलेला. भाची खालून हाका मारत होती, गाडी आली म्हणून. मी खाली बसले, सुटलेला दोरा विणीच्या आत घातला, गाठ मारली, आणि मग उतरले.